दस्तखताच्या वरची जागा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्यातली दोन वर्षं वर्गाच्या दाराबाहेर बसून काढली. दस्तखत मात्र नीट शिकलो. गुरुजींनी सांगितलं होतं, आपलं नाव कागदाच्या अगदी तळाला लिहावं, वर मोठ्या माणसांना जागा सोडावी. आमच्या वस्तीतले सगळेच तसं करायचे. त्यात वाईट काही आहे असं कधी वाटलं नाही.

बायको गेली त्याला आठ महिने झाले. ती असती तर हे लिहायला बसलो नसतो, तोंडानं सांगितलं असतं. पण आता सांगायचं कोणाला?

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, माणसं अजून जिवंत आहेत. गावाला एकच पेठ, आणि पेठेचा रस्ता एवढा अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. बाजाराच्या दिवशी बोरीकडच्या, सोनपेठकडच्या गाड्या, वर टेम्पो, वर आमचे टांगे. मी टांगा हाकायचो. स्टँडवरून सवारी घेतली की पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सवारी उतरून चालायला लागायची, आणि माझ्या आधी पोचायची. वरून म्हणायची, घोड्याला विश्रांती झाली बघा.

बायकोची हातगाडी होती. लसूण, आलं, हिरवी मिरची. पोस्टाच्या भिंतीला लागून तिची जागा. ती जागा तिनं अकरा वर्षांत कमावली होती. पहिली दोन वर्षं शेजारचे दुकानदार रोज पाणी ओतून जागा ओली करायचे, म्हणजे हिनं उठावं. ही ओल्यात उभी राहायची. पुढं तेच दुकानदार तिच्याकडून लसूण न्यायला लागले.

टांग्यांच्या अड्ड्यावर माझा एक जोडीदार होता. वयानं लहान, बोलण्यात गोड, मला दादा म्हणायचा. नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीवर दगड आले तेव्हा त्यानं मला, बायकोला आणि दोन्ही लेकींना त्याच्या घरात चार दिवस ठेवून घेतलं होतं. त्याच्या गल्लीतले लोक दारात येऊन त्याला बोलून गेले, तरी ठेवलं. आधी माझी बायको त्याला भाऊजी म्हणायची. त्या चार दिवसांनंतर भाऊ म्हणायला लागली. दर दिवाळीला त्याला ओवाळायची. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. ज्यानं जीव वाचवला त्याच्या कागदावर कोणी शंका घेतं का?

तीन-चार वर्षांनी नगरपालिकेनं काढलं की बाजाराच्या दिवशी पेठेत वाहन घालायचं तर पट्टी भरायची. दोन्ही तोंडांना नाका, नाक्यावर आडवा बांबू. पट्टी लागली की फुकटचे लोक बाहेर थांबतील आणि रस्ता मोकळा होईल, असा हिशेब. पण टांगेवाले आणि हातगाडीवाले भांडायला उठतील म्हणून त्यांची कबुली लिहून पाहिजे होती. जोडीदाराचं तेव्हा नगरपालिकेत येणंजाणं वाढलं होतं. तो माझ्याकडं आला. अड्ड्यावर माझा शब्द चालायचा, आणि हातगाडीच्या बाया माझ्या बायकोचं ऐकायच्या.

घरी बायकोला विचारलं. तिनं एकच गोष्ट मागितली.

"माझ्या गाडीला ना जनावर, ना इंजिन. ती माणूस ढकलतंय. तेवढी सोडा म्हणावं, मग काय करायचं ते करा."

मी तेच सांगितलं, आणि जोडीदारानं तेच कागदावर लिहिलं. जनावर जुंपलेल्या किंवा इंजिनाच्या वाहनास पट्टी. त्यानं वाचून दाखवलं, मी बोट ठेवून ओळ बघितली. मग दस्तखत केलं. तळाला. वर चार बोटं जागा सोडून.

खरं सांगायचं तर पहिले दोन बाजार मजा आली. टेम्पो बाहेर थांबले, निम्म्या गाड्या आत आल्याच नाहीत. पट्टी भरली तरी माझ्या फेऱ्या दुप्पट झाल्या, घोडा पेठेतून दुडक्या चालीनं जायला लागला. एक म्हातारी सवारी घाबरून म्हणाली, बाबा, हळू, मला पेठ बघू तर दे. बायकोच्या गाडीपुढं गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा झाली. मला वाटलं, बरं काम केलं आपण.

तिसऱ्या बाजारी बोरीकडच्या गाडीवाल्यांनी डोकं चालवलं. पट्टी जनावर जुंपलेल्या गाडीला आहे ना? मग नाक्याच्या अलीकडं बैल सोडले, आमच्या वस्तीच्या गल्लीत बांधले, आणि भरलेली गाडी चौघांनी ढकलत आत नेली. नाक्यावरचा माणूस बघत राहिला. पुढच्या बाजारी सगळ्यांनीच तसं केलं. बैल असले की गाडी वळते, सरकते. माणसांनी ढकललेली गाडी जिथं दमली तिथं थांबते. पेठेत ही गर्दी झाली की माणूस हलेना. आणि आमच्या गल्लीत दारोदार बैल. आमच्या उंबऱ्याशी सहा जोड्या. बायको शेण भरता भरता हसायची. म्हणायची, "बघा, तुमच्या कागदामुळं आपण बैलवाले झालो."

तेवढंच हसणं राहिलं माझ्यापाशी त्या दिवसांतलं.

मग नाक्याचा ठेका निघाला आणि तो जोडीदारानं घेतला. मला अड्ड्यावर दुसऱ्याकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाला, दादा, आपलाच माणूस बसलेला बरा न्हाई का? मला पटलं. पण नाक्याबाहेर सोडलेल्या बैलांमुळं त्याच्या हातात काही पडेना.

त्यानंतरच्या बाजारी बायको हातगाडी घेऊन नाक्यावर गेली. मी मागं टांग्यात होतो, सवारी घेऊन. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

ती म्हणाली, "भाऊ, बांबू उचला."

तो उठला नाही. "वहिनी, पावती घ्यावी लागल."

"माझ्या गाडीला बैल कुठं हाय?"

"आता ढकलायच्या गाडीलाबी पट्टी हाय."

"कोणी ठरवलं?"

त्यानं टेबलाच्या खणातून कागद काढला. तोच कागद. "तुमच्या मालकानंच लिहून दिलंय. दस्तखत बघा."

तिला वाचता येत नव्हतं. पण माझं दस्तखत तिला ओळखू यायचं. शेवटच्या अक्षराला मी लांब शेपटी काढायचो आणि ती त्यावरून मला चिडवायची. तिनं शेपटीवर बोट ठेवलं. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी टांग्यावरून उतरलो, पण तोवर तिनं गाडी फिरवली होती.

"येते, भाऊजी," असं ती त्याला म्हणाली. भाऊ नाही. भाऊजी.

मी कागद हातात घेतला. माझ्या नावाच्या वर मी सोडलेली चार बोटं जागा भरलेली होती. वेगळ्या शाईनं, पण त्याच अक्षरात: हाताने ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांसही पट्टी लागू, यास आमची हरकत नाही. मी म्हणालो, हे नंतर लिहिलंय तू. तो म्हणाला, दादा, लोकांसमोर काहीबी बोलू नका, दस्तखत तुमचंच हाय. मी नगरपालिकेत गेलो. तिथला कारकून म्हणाला, दस्तखत तुमचं नाही का? माझंच, म्हणालो. मग? असं म्हणून त्यानं दुसरा कागद पुढं ओढला.

घरी बायकोनं विचारलं, "तुमचंच हाय ना ते?"

"हाय, पण वरची ओळ त्यानं नंतर लिहिली."

"ज्यानं दंगलीत आपल्याला घरात घेतलं, त्यानं?"

ती त्याला खोटा म्हणू शकत नव्हती. मग खोटा कोण उरला? आमच्या घरात दोनच माणसं होती त्या कागदाशी संबंध असलेली, एक ती आणि एक मी.

तिनं पट्टी कधी भरली नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. बाकीच्या हातगाडीच्या बाया घरी येऊन रडल्या, मला नको ते बोलल्या, आणि मग हळूहळू पट्टी भरून आत गेल्या. पोस्टाच्या भिंतीला जोडीदाराच्या मेहुण्यानं चहाची टपरी टाकली.

नाकाही टिकला नाही. ढकललेल्या गाडीलाही पट्टी लागायला लागल्यावर गाडीवाल्यांनी नाक्याबाहेरच्या माळावर बाजार मांडला. गिऱ्हाईक तिकडं गेलं. पेठ इतकी मोकळी झाली की बाजाराच्या दिवशी दुकानदार भर रस्त्यात खुर्च्या टाकून बसायचे. मग त्यांनीच ओरड करून बांबू काढायला लावला. महिन्याभरात पेठ पहिल्यासारखी तुंबली. मी बायकोला म्हणालो, आता चल. ती म्हणाली, "माझी जागा हाय कुठं?" आणि घरातच लसूण सोलून खानावळीला द्यायला लागली. मरेपर्यंत तेच केलं. माझं जेवण कधी चुकलं नाही, आजारात पाय दाबले. पण कुठल्या कागदावर दस्तखत करायचं असलं की ती उठून बाहेर जायची.

तिच्या पुण्यानुमोदनाला, दिवसकार्याला, जोडीदार आला. म्हातारा झालाय, काठी धरून चालतो. सगळे गेल्यावर माझ्यापाशी बसला आणि हळू म्हणाला, "दादा, ती ओळ मीच लिहिली व्हती. ठेक्यात लय बुडालो व्हतो. वहिनीला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं. दोन गल्ल्यांवर घर त्याचं. इतकी वर्षं. दिवाळीला ओवाळायला ती गेली नाही, तरी त्याला एकदाही तिच्या दारात येऊन ते वाक्य म्हणता आलं नाही. ती गेल्यावर माझ्यापुढं म्हणाला. मला ते आधीच माहीत होतं.

मी त्याला चहा विचारला नाही. काठी हातात दिली.

तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत गेलो, तेव्हा शेवटच्या ओळीला अगदी चिकटून दस्तखत केलं. अक्षरं एकमेकांवर चढली, शेपटीला जागा राहिली नाही. कारकून पोरगी म्हणाली, "आजोबा, खाली एवढी जागा आहे की."

मी म्हणालो, "असू द्या, बाई."