नानजिंगच्या बागेत मी छत्री उघडतो

दारव्हा शहर व पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अस्मादिक चीनहून जिवंत परतले आहेत. ज्यांनी चहाच्या टपरीवर आमच्या नावाने उसासे टाकले, त्यांनी ते परत घ्यावेत.

आता नीट सांगतो. माझं दुकान जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या सुट्या भागांचं. कापसाची दैना सुरू झाल्यापासून तालुक्यातल्या जिनिंग एकामागून एक बंद पडल्या, आणि बंद यंत्राला सुटे भाग लागत नाहीत. त्यामुळे फुरसतच फुरसत. माझी मुलगी प्रज्ञा चीनमधल्या नानजिंग शहरात डॉक्टरकी शिकते. म्हटलं, पोरीला बघून यावं. "आपण बुद्धाला मानणारी माणसं, चीन म्हणजे निम्मं माहेर," असं मी एसटी स्टँडवर छाती काढून सांगितलं होतं. विमान उतरताना ती छाती आत गेली, ती मुक्काम संपेपर्यंत बाहेर आलीच नाही.

पहिली भीती रस्त्याची. तिथल्या स्कूटरी विजेवर चालतात. आवाज नाही, धूर नाही, हॉर्न नाही. आमच्याकडे गाडी अंगावर येण्याआधी निदान शिवी तरी ऐकू येते. तिथे एक बाई कोबीच्या गड्ड्यांसकट माझ्या कोपराला चाटून गेली आणि मला ते तिची पाठ दिसल्यावर कळलं. त्यानंतर मी प्रत्येक रस्ता प्रज्ञाची ओढणी धरून ओलांडला.

दुसरी भीती पाण्याची. भर उन्हाळ्यातही हॉटेलात बसलं की समोर 'खाइश्वेइ' (उकळलेलं पाणी) येतं. यजमानाने दिलेला पेला उष्टा ठेवू नये, ही आमची रीत. रिकामा पेला लगेच भरावा, ही त्यांची. मी संपवतोय, हॉटेलवाली भरतेय. दोघंही घामाघूम, पण माघार कोणी घेईना.

अशाच एका कढत नाश्त्यानंतर प्रज्ञाने मला कॉलेजसमोरच्या बागेत नेलं. त्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती.

"बाबा, या बाकावरून हालायचं नाही," ती म्हणाली. "परीक्षा दोन भागात हाय. मधल्या सुट्टीत मी येऊन तुम्हाले पाहून जातो."

"अन् मी नाही दिसलो तं?"

"तं मी तुम्हाले शोधत फिरीन, अन् माह्यं वर्ष जाते वाया. तुमचा फोनही इथं चालत नाही. बसा न चुपचाप!"

मी बसलो. तेवढ्यात समोरून पाच-सहा म्हातारी माणसं पाठीने चालत आली. हो, तोंड तिकडे आणि चाल इकडे! आमच्या जिल्ह्यात माणसं अशी मागे सरकतात ती फक्त वाघ दिसल्यावर. मी बाकावर पाय वर घेतले आणि झाडीकडे टक लावून बसलो. वाघ आला नाही. तब्येतीसाठी तिथले म्हातारे असे उलटे चालतात, हे मला नंतर कळलं. पण त्या घाबरण्यात सकाळचं सगळं गरम पाणी एकदम आठवलं.

मुतारी सापडली. बाक सापडेना. बागेला चार दरवाजे, चारही एका साच्यातले. ज्याला विचारावं तो हसून हात हलवी. मी पळत सुटलो. डोळ्यांसमोर एकच चित्र, रिकामा बाक आणि त्याच्यापुढे पोर.

एका वळणावर अजब बाजार भरला होता. जमिनीवर उघड्या छत्र्यांची रांग, प्रत्येक छत्रीला चिकटवलेला कागद, आणि मागे स्टुलावर बसलेली वयस्कर माणसं. विकायला मात्र काहीच नाही. ऊन मी म्हणत होतं. मीही काखेतली माझी छत्री उघडली, तिच्या सावलीत टेकलो आणि पाकिटातून प्रज्ञाचा फोटो काढला. त्यात ती पांढरा कोट घालून कॉलेजच्या दारात उभी आहे. ती इमारत दाखवून रस्ता विचारावा, असा बेत. चष्मा पुसायचा म्हणून फोटो क्षणभर छत्रीला टेकवला.

चष्मा चढवून पाहतो तर माझ्याभोवती माणसांचं कडं! एक बाई फोटोचा फोटो काढतेय. निळ्या टोपीचा म्हातारा हात वर-खाली करून उंची विचारतोय. मला वाटलं, हे पोलीस. परवान्याशिवाय छत्री लावली म्हणून धरणार. प्रत्येक प्रश्नाला मी मान डोलावली, आणि प्रत्येक डोलावण्याला गर्दीतून "आऽऽ" असा आनंदाचा सूर निघाला.

मग पिवळ्या जाकिटातल्या एका बाईने हळूच आपल्याजवळचा फोटो पुढे केला. चष्मेवाला तरुण. तिने त्याच्याकडे बोट केलं, मग प्रज्ञाकडे, आणि दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवले.

अरे देवा! हा सोयरिकीचा बाजार होता; छत्रीवरचे कागद म्हणजे लग्नाच्या पोरापोरींची माहिती. आणि मी मघापासून मान डोलावत होतो.

पण त्या बाईचा चेहरा मी ओळखला. आमच्या कापूस बाजारात गाडीला टेकून बसलेल्या माणसाचा तो चेहरा. व्यापारी येतो, मूठभर कापूस ओढून बघतो, न बोलता पुढे जातो, आणि हा पुन्हा गाडीवरचं कापड सारखं करतो. तशीच ती मुलाच्या फोटोवरून रुमाल फिरवत होती. मी हात जोडले, फोटोतल्या इमारतीवर बोट ठेवलं आणि पळण्याची नक्कल केली. तिला काय समजलं कोण जाणे. तिने माझी बाही पकडली आणि निघालीच. मागून निळी टोपी, तिच्यामागे सगळी छत्र्यांची वरात.

कॉलेजच्या दारात प्रज्ञा पांढऱ्या कोटात उभी होती, डोळे भरलेले. आतून घंटा वाजत होती आणि ती आत जात नव्हती.

"बाबा! कुठं गेलते? अन् हे कोण लोक होय?"

"मांगून सांगतो! तू पहिले आत पळ!"

ती पळाली. पिवळ्या जाकिटाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि समाधानाने मान हलवली. परीक्षा संपेपर्यंत ती बाई माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिली. बाकीचे हळूहळू पांगले. प्रज्ञा हसत बाहेर आली, तेव्हा कुठे मी पायरीवरून उठलो. तिने तिथल्या भाषेत बाईंची समजूत घातली. बाईंनी फोटो पर्समध्ये ठेवला आणि जाताना मला एक संत्रं दिलं.

दारव्ह्याला परतल्यावर अंगणात मी हे सगळं साभिनय सांगितलं. परदेशात मला स्कूटरींची, उलट्या म्हाताऱ्यांची भीती वाटली ती ओसरली. पण पोर आपल्यापायी दारातच थांबली होती, ते आठवलं की अजूनही मी रात्री उठून बसतो. प्रज्ञाची आई, आमची शोभा, सारा वेळ पदर तोंडाशी धरून ऐकत होती. "अगं बाई," "मंग," एवढंच बोलत होती. परीक्षा पार पडली, पोरगी पास झाली, इथवर आलो तेव्हा तिने पदर सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर एकदम बोलून गेली, "अवो, पण तो फोटोतला पोट्टा कसा होता दिसाले?"