चिमाजीच्या दोन बाटल्या

पासलीचा चिमाजी कुठलंच काम अर्धं सोडत नसे. बांध घातला, की दगड बसला का हे बघायला त्यावर उडी मारायचा. त्याची बायको रतनबाई म्हणायची, "ह्येंनी जेवलेलं ताट घासायलाबी लागत न्हाई."

त्रेचाळीस साली लढाईमुळं कोळसा मिळेना. पासलीच्या डोंगरात काळा थर आहे असं कुणीतरी मानसिंग ठेकेदाराच्या कानावर घातलं आणि त्यानं खाण काढली. मी शिवऱ्याचा, तिथं टिकाव मारायला गेलो. आठ महिन्यांत कोळसा निघाला तीन गाड्या, तोही पेटायला रुसणारा. पाणी मात्र रोज निघायचं. आम्ही सहा जण ते डब्यांनी उपसून उतारावर ओतायचो, दिवसाला चारशे डबे. उतार होता ओढ्याकडं आणि गावच्या विहिरीकडं. महिनाभरात दोन्हीकडचं पाणी तांबूस झालं.

गावानं अर्ज केला. भोरहून उपेंद्रराव नावाचे तपासणीस आले. दर सोमवारी ओढ्याचं आणि विहिरीचं पाणी एकेका बाटलीत भरून वेल्ह्याला पोचवायचं, तिथून ते भोरला तपासायला जाईल, असं ठरलं. खराब निघालं तर मानसिंगानं खाणीचं पाणी दुसरीकडं वळवायचं. चांगलं निघालं तर चाललंय ते चालू द्यायचं.

काम चिमाजीला दिलं.

"बाटलीत कचरा जाता कामा नये," उपेंद्ररावांनी बजावलं.

"न्हाई जायचा," चिमाजी म्हणाला.

चार कोस जायचं, चार कोस यायचं. ओढ्याच्या बाटलीला तांबडा दोरा, विहिरीच्या बाटलीला पांढरा. दोन्ही पेंढ्यात गुंडाळून पाटीत, पाटी डोक्यावर. सात सोमवारांत एक खाडा नाही, एक बाटली फुटली नाही.

आणि सातही वेळा भोरहून उत्तर आलं, दोन्ही पाणी उत्तम, पिण्यास योग्य. मानसिंग ते कागद आम्हाला खाणीत उभं करून वाचून दाखवायचा.

विहिरीवर फुलाबाई म्हणाली, "पाणी चांगलंय म्हंत्यात. मग माजी डाळच भोरला धाडा. सकाळधरनं शिजंना, तिच्यातच खोट असंल."

शेजारच्या गेनबानं चिमाजीलाच धरलं. "मानसिंगाकडं कितींदा जेवलास रं?"

चिमाजी पुढच्या सोमवारी नेहमीपेक्षा तासभर आधी उठला, एवढंच.

आठव्या आठवड्यात उपेंद्रराव स्वतःच आले. असलं निर्मळ पाणी भोरातही मिळत नाही, म्हणाले. सारा गाव विहिरीवर जमला. मानसिंगानं आम्हालाही नेलं.

"चिमाजी, नेहमीसारखी बाटली भरून दाखवा. काही सोडू नका," उपेंद्रराव म्हणाले.

सोडणारा माणूस तो नव्हेच. त्यानं घागर ओढली. पाणी चहासारखं. तुरटीचा खडा घेऊन तीन वेळा फिरवला आणि उकिडवा बसला. आम्हीही बसलो. तासाभरानं गाळ तळाला गेला. मग रतनबाईनं धुतलेलं फडकं चौपदरी करून दिलं. त्यातून पाणी गाळलं, त्याच पाण्यानं बाटली विसळली, मग भरली, बूच लावलं आणि पांढरा दोरा बांधला. पाणी काचेसारखं.

उपेंद्ररावांनी बाटली हातात घेतली. "अहो, हे कुणी करायला सांगितलं?"

"तुमीच. कचरा नगं म्हनला."

"बाहेरचा नको म्हणालो. पाण्यातला हवा होता. मला घाणच तपासायची होती."

"मंग तसं सांगायचं, रावसाहेब. पावन्याला गढूळ पानी द्यायची आमच्यात रीत न्हाई. आन तुमी तर भोरचं."

गेनबा खाली बघून हसत होता. रतनबाई त्याला म्हणाली, "हसू नगा भावजी. आठ आठवडं तुरटी फिरवलीया ह्येंनी. तुमी पाटी तरी उचलली का?"

त्या दिवशी उपेंद्ररावांनी पाणी स्वतः भरून नेलं. दोन्ही खराब ठरलं. मानसिंगाला डोंगराच्या पलीकडच्या अंगानं चर खणावा लागला. दोनशे दहा हात लांब, कमरेइतका खोल, वाटेत कातळ. खणला आम्ही सहा जणांनी, सोळा दिवसांत. मग विहीर तीनदा उपसली. महिन्यानं दोन्हीकडं तळ दिसायला लागला.

चिमाजीनं ते पाणी जसंच्या तसं भरून वेल्ह्याला पोचवलं. भोरहून चिठ्ठी आली, 'पुन्हा गाळलेलं दिसतं. न गाळता पाठवावं.'

त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा तीच चिठ्ठी.

तिसऱ्या सोमवारी त्यानं बाटल्या रिकाम्याच नेल्या आणि निरोप ठेवला, "माजं खरं वाटत न्हाई तर हिरीवर या."

उपेंद्रराव आले. कुणाला हात लावू न देता स्वतः घागर ओढली, तांब्या बुडवला, उन्हात धरला, प्यायले. मग दुसरा प्यायले.

"दोष काढा की," चिमाजी म्हणाला.

"नाही काढता येत." त्यांनी तिथंच कागदावर लिहून सही केली.

फुलाबाई घागर घेऊन वाट बघत होती. "झालं का तुमचं तपासून? माजी डाळ ऱ्हायलीया."

चिमाजी तिच्या वाटेतून बाजूला झाला. खांद्यावरचं गाळायचं फडकं त्यानं झटकलं आणि डोक्याला बांधलं.