धाडीच्या बाटल्यांत भरलेली नदी

कुकडीवरचा पूल ओलांडताना मी आजही गाडीची काच खाली करतो आणि पाण्याचा वास घेतो. ही सवय मला एका गुन्ह्याने लावली. कलमे साधी होती, माणूस कोणी मेला नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. याहून मोठे गुन्हे माझ्या हातून उघडकीस आले आणि त्यांचे तपास मी नीट केले. हा नीट केला नाही, म्हणून लिहीत आहे. नावे कोणाचीच देत नाही. चुका माझ्या आहेत, त्या जशाच्या तशा देतो.

त्या वेळी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळा होता. सकाळची हजेरी चालू असताना नदीकाठच्या एका गावच्या पोलीस पाटलाने मोबाइलवर फोटो पाठवले. पोटे वर करून तरंगणारे मासे, या काठापासून त्या काठापर्यंत. पाठोपाठ पाण्यात विष घातल्याचा त्याचा फोन आला.

"साहेब, नदीत कुणीतरी ईख घातलंय. लोकं लई तापल्यात. जनावरं ह्याच पाण्यावर हायेत."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"जाळं टाकणारा दुसरा हाय कोण गावात? तात्याच की."

तात्या म्हणजे साठीकडे झुकलेला, मच्छीमार सोसायटीचा जुना सभासद. नदीच्या डोहांवर त्याचे घर चाले. त्या भागात एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात डोह आटले की रानातल्या एका झाडाची साल कुटून पाण्यात घालायची. मासे गुंगून वर येतात. हवे तेवढे उचलायचे, बाकीचे तासाभरात पुन्हा पोहू लागतात. तात्याचा बाप हे करी, तात्याही करी आणि ते मासे अर्ध्या गावाने खाल्ले होते. म्हणूनच त्याचे नाव इतक्या चटकन सगळ्यांच्या तोंडी आले.

त्याच्या घराच्या झडतीत अर्धे पोते कुटलेली साल मिळाली. पंचांच्या सह्या झाल्या, मुद्देमाल जप्त झाला. पोलीस पाटलाच्या फिर्यादीवरून दुपारच्या आत मी गुन्हा दाखल केला. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आरोपी, हत्यार आणि फिर्यादी एकाच सकाळी हाती आले की अधिकाऱ्याने सावध व्हायला हवे. मी खूश झालो.

पाण्याचा नमुना घ्यायचा होता. माझ्या हवालदाराने विचारले, "साहेब, बाटल्या आणू का आपल्याच? धाडीच्या पडल्यात रिकाम्या. धुऊन घेतो."

"घे," मी म्हणालो.

आमच्या ठाण्याला नमुना घेण्याची एकच पद्धत ठाऊक होती, हातभट्टीवरच्या धाडीची. बाटली भरायची, बूच लावायचे, लाखेचे सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, मग मुद्देमाल खोली. पंधरवड्यातून एकदा सगळे नमुने एकत्र प्रयोगशाळेत जात. नदीचे पाणी आम्ही तसेच भरले, तेही पोलीस पाटील उभा होता तिथूनच. चार बाटल्या गावठी दारूच्या शेजारी फळीवर जाऊन बसल्या.

दुपारी मी तात्याला समोर घेतले. आमच्या खात्यात अशा माणसाशी "अरे-तुरे"नेच बोलतात. मीही तसाच बोललो.

"किती साल घातलीस?"

"न्हाई घातली साहेब."

"पोतं मग लोणच्याला ठेवलं होतंस?"

"घालणार व्हतो, आठ दिसांनी. डोह अजून मोठा हाय. पर मला एक सांगा, मी घातलं असतं तर मासं कुटं हायेत? माझी पाटी बघितली का कुणी? एकबी मासा मी उचलला न्हाई."

"घाबरून टाकून दिले असशील."

तो आवाज न चढवता म्हणाला, "सालीनं मासा झिंगतो. खेकडा झिंगत न्हाई. खेकडं पाणी सोडून वर आल्यात, तुमच्या शिपायाच्या बुटापाशी मेल्यात. आन् वढ्याच्या तोंडाशी जाऊन दगडं बघा. शेवाळ ग्येलंय. धुतल्यागत पांढरं पडल्यात. वढ्याच्या वरच्या अंगाला नदीत मासं जित्तं हायेत."

खोटे बोलणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो. हा दगडांबद्दल बोलत होता. संध्याकाळी मी ओढ्याच्या तोंडाशी गेलो. दगड त्याने सांगितले तसेच होते. हात लावला तर बोटे चुरचुरली. ओढा नदीला मिळतो तिथून वर मासे पोहत होते, खाली सगळे मेलेले. कोणी डोहात काही घातले असते तर ओढ्यातले दगड पांढरे पडले नसते.

तात्याला मी नोटीस देऊन घरी सोडले. गुन्ह्यातले त्याचे नाव तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी कीटकनाशके कोणी नेली याची चौकशी करायला आळेफाट्यावरच्या शेती-औषधांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार शेठ. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले घर, पण बोलणे आमच्यापेक्षा गावरान.

"साहेब, माझ्या सगळ्या दुकानातलं औषध वतलं तरी येवढी नदी मरायची न्हाई," ते म्हणाले. "तुमी बाटल्या कशाला शोधताय? टँकर शोधा."

"कसला टँकर?"

"आठवड्यातून दोनदा येतो. मी सकाळी दुकान झाडत असतो तवा हायवे सोडून वढ्याच्या रस्त्याला वळतो. जाताना वजनानं स्प्रिंगचे पाटे पार बसलेले, अर्ध्या तासानं परत येतो तवा उठलेले. आमची जिंदगी गेली गाड्या भरण्यात आन् उतरवण्यात, पावणं. तिकडं ना कारखाना, ना गोठा. मग माल उतरला कुटं?"

तिसऱ्या सकाळी आम्ही ओढ्यावरच्या मोरीपाशी टँकर पकडला. तो रिकामाच होता, नळी अजून ठिबकत होती. चालक परजिल्ह्यातला, तिशीचा. सुरुवातीला त्याचे उत्तर एकच, "साहेब, धुण्याचं पाणी आहे." मी त्याला बूट काढायला सांगितले. बुटांचे तळ खाल्ल्यासारखे झाले होते, एका जागी आरपार भोक पडले होते.

"धुण्याच्या पाण्यानं बूट असे होतात?"

त्याने बूट पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "मालक म्हणतो वाहत्या पाण्यात सोड, निघून जातं. कारखान्यात साफ करायला खर्च येतो. मी फक्त गाडी खाली करतो, साहेब."

तेजाबाचे हे सांडपाणी सोडणारा कारखाना लांबच्या औद्योगिक वसाहतीतला होता. उलगडा झाला होता. मी प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याला फोन केला आणि जरा ऐटीतच सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"नमुना कोणी घेतला?"

"आम्ही."

"कशात?"

मी सांगितले. त्याने मला समजावले. असा नमुना कायद्याने त्यांच्याच अधिकाऱ्याने घ्यायचा. पाणी सोडणाऱ्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर, दोन भाग करून, स्वच्छ बाटलीत, आणि थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत. "पहिल्या दिवशी एक फोन केला असता तर मी दुपारी तिथे होतो," तो म्हणाला. तो दुसऱ्या दिवशी आलाही. तोवर ओढा कोरडा पडला होता, नदीत वरून धरणाच्या पाण्याचे आवर्तन सुटले होते. टँकर आतून धुऊन मालकाने कागदपत्रांसह हजर केला होता.

आमच्या चार बाटल्यांचा अहवाल दीड महिन्याने आला. विषारी द्रव्य आढळले नाही. मद्याचा अंश आढळला. ठाण्यात आठवडाभर हसणे चालले. कोणी म्हणे, कुकडीला आता परवाना काढावा लागेल. चालकाने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही, हे कारखान्याच्या वकिलाला मी सांगायची गरज नव्हती. मालक आणि चालक दोघेही सुटले.

राहिला तात्या. तो निर्दोष आहे हे मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होते. तसा अहवाल न्यायालयाला पाठवणे माझे काम होते. पण तो अहवाल लिहायचा तर बाटल्यांचे लिहावे लागले असते, फोन न केल्याचे लिहावे लागले असते. वर्षअखेरीची तपासणी जवळ आली होती. मी सालीच्या पोत्यावर दोषारोपपत्र पाठवले. दुसऱ्या तारखेला तात्याने गुन्हा कबूल केला. न्यायालय उठेपर्यंत बसण्याची शिक्षा झाली आणि किरकोळ दंड. सोसायटीने त्याचे सभासदत्व काढले. नदीत जाळे टाकायला त्याला मनाई झाली. नदीत ईख घालणारा तात्या, ही ओळख त्याच्या नातवंडांच्या सोयरिकीपर्यंत पोहोचली, असे मला पुढे कळले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी सगळे एका कागदावर लिहून त्याच्याकडे गेलो. तो अवसरी बुद्रुकजवळ एकाच्या कांदा साठवायच्या बराखीवर राखण करत होता. मी पहिल्यांदाच त्याला "तुम्ही" म्हणालो. त्याच्या ते लक्षात आले. मी कागद वाचू लागलो. दोन ओळींत त्याने हात वर केला.

"मला कशाला वाचून दावता साहेब? मी न्हाई घातलं हे मला ठावं हाय. गावाला वाचा."

ग्रामसभेत मी वाचले. तात्या मागे दाराशी उभे होते. वाचून झाल्यावर तोच पोलीस पाटील, आता म्हातारा, उठला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, तो खरोखर गोंधळला होता.

"पर साहेब, तात्यानं कोर्टात कबूल केलं व्हतं की. न केलेलं कुणी कबूल करतं व्हय?"

कागदात एवढीच एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

"कोर्टाच्या पायऱ्यांवर मीच त्यांना सांगितलं होतं," मी म्हणालो. "कबूल कर, आज सुटशील, नाहीतर वर्षानुवर्षे तारखा करशील. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

सोसायटीच्या सचिवाने कागद मागितला. मागून तात्यांचा आवाज आला, "आधी ते बी लिवा म्हणावं त्यात."

सचिवाने पेन पुढे केले. पाण्याचा नमुना त्याच दिवशी, योग्य माणसाने, योग्य बाटलीत घ्यायचा असतो, हे या गुन्ह्याने मला शिकवले, असे मी आजवर प्रशिक्षणार्थींना सांगत आलो होतो. पायऱ्यांबद्दल कधी बोललो नव्हतो. कागदाच्या तळाशी जागा थोडी होती. बारीक अक्षरात ते वाक्य लिहिले, खाली सही केली आणि मान वर केली तेव्हा दाराशी कोणी नव्हते. बराखीवर जायची त्यांची वेळ झाली होती.