भुलेश्वरचा चढ आणि वगळलेला पत्रा

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. खोटं बोलून नव्हे, गप्प राहून. दुकानदारानं फसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या काउंटरवर वस्तू आपटून जाब विचारला असता. ते मला चांगलं जमतं. घरच्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या पानाशेजारी बसून जेवावं लागतं आणि वर वाढणाऱ्या बाईला वाटतं, दोघांचं बरं चाललंय.

शिरूरच्या बाजारात मी सायकलच्या कॅरिअरवर कांद्याचं पोतं बांधून सुरुवात केली. पुढं स्वतःचा गाळा झाला आणि दोन हजार साल उलटल्यावर एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली. गाडी लहान होती, पण तिला एसी होता, आणि आमच्या सासुरवाडीला एसीची गाडी नेणारा मी पहिला. सासुरवाडी कासुर्डीची. साडू सणसवाडीला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्याकडे डिझेलची जीप होती. तिला एसी नव्हता, पण ती भिंतीवरसुद्धा चढली असती.

मामा, म्हणजे आमचे सासरे, श्रावणातल्या दर सोमवारी भुलेश्वरला जायचे. यवतहून आत वळलं की पुढं डोंगराचा चढ लागतो. गाडी घेतली त्या वर्षी मामा माझ्या शेजारी बसले, मागे आत्या, म्हणजे सासूबाई, आणि त्यांच्या दोघी लेकी, माझी बायको आणि तिची थोरली बहीण. शेवटच्या मोठ्या वळणाच्या अलीकडे गाडी गुरगुरली, थरथरली आणि पहिल्या गिअरमध्येही जागची हलेना. मी एसी बंद केला, तरी तेच. शेवटी मामा न सांगता उतरले आणि धोतराचा सोगा हातात धरून चालू लागले. मागून साडूंची जीप आली.

"मामा, इकडं बसा," ते म्हणाले. "त्यांची गाडी सपाटीची हाय."

त्यानंतर वर्षभर मामा जीपमध्येच बसले. लग्न असो, दहावा असो, केडगावला डॉक्टरकडे जायचं असो, मी गाडी दारात उभी केली तरी ते साडूंची वाट बघायचे. मला कुणी काही बोलत नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. मी ठरवलं, पुढच्या श्रावणात मामा माझ्या शेजारी बसून, एसी चालू ठेवून, न उतरता वर जातील. बाकी मला काही नको होतं.

शिरूरच्या ज्या मिस्त्रीकडे मी गाडी दाखवायचो त्यानं एक वाट सुचवली. गाडीचं इंजिन ज्या डब्यातून हवा ओढतं तो डबा काढायचा आणि त्याजागी मोठा पाइप आणि शंकूसारखा फिल्टर बसवायचा. तो बाहेरची गार हवा घेतो. गार हवा दाट असते, तिच्यात पेट्रोल चांगलं जळतं, गाडी जरा जास्त ओढते. "जराच," मिस्त्री बजावून म्हणाला. मला तरी कुठं फार हवं होतं? एक वळण हवं होतं.

सामान पुण्यात मिळत होतं. साडूंना त्यातलं कळतं म्हणून मी सणसवाडीला थांबून त्यांना बरोबर घेतलं. दुकानाच्या पायरीवर मी त्यांना सांगितलं, की आत गेल्यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही, जे बोलायचं ते मी बोलेन. हा माझा नेहमीचा नेम आहे. सौद्याला दोघे गेले तर बोलणारा एकच असावा. दुसऱ्याच्या तोंडून एक 'छान आहे' निसटलं तरी भाव चढतो. साडू 'बरं' म्हणाले.

दुकानदारानं खोका उघडला. त्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप, लाल फिल्टर, रबरी जोड, क्लिपा आणि एक वाकवलेला काळा पत्रा, त्याच्या कडेला रबराची पट्टी. भाव ऐकून मी हसलो. मी भावावर भांडत बसत नाही. मी वस्तू कमी करत जातो. कांद्याचा भाव कुणी पोत्यासकट सांगितला की मी म्हणतो, पोतं तुमचं तुम्हाला ठेवा, आता बोला. या रीतीनं मी आजवर कमावलं आहे. म्हणून मी तो पत्रा बाजूला सारला आणि म्हणालो, हा नको, आता भाव सांगा. दुकानदार म्हणाला, शेठ, तो सेटमधलाच आहे. मी म्हणालो, पत्रा आमच्या शिरूरला भंगारात मिळतो. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा साडूंकडे बघितलं आणि भाव उतरवला.

तेवढ्यात साडूंनी तो पत्रा उचलला. कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. मला वाटलं, माझ्या सौद्याचं त्यांना कौतुक वाटतंय.

रविवारी सकाळी गाळ्यासमोर मी आणि मिस्त्रीनं काम केलं. जुना काळा डबा निघाला; त्यातला कागदी फिल्टर आमच्या रस्त्यांच्या धुळीनं गच्च भरला होता. नवा पाइप बसला, इंजिनकडून येणारी बारीक नळी त्याला जोडली, लाल फिल्टर हेडलाइटच्या मागे अडकवला, क्लिपा आवळल्या. गाडी सुरू केली तर आवाजच बदलला, घोगरा आणि खोल. न्हावऱ्यापर्यंत एक चक्कर मारली. सकाळची गार हवा होती, गाडी हाताबाहेर पळत होती. मिस्त्री पत्र्याबद्दल काही बोलला नाही. त्यानं या सामानाबद्दल ऐकलं होतं, बसवत पहिल्यांदाच होता. मी कासुर्डीला फोन लावून सांगितलं, उद्या मामा माझ्या गाडीत.

सोमवारी गर्दीत गाड्या मुंगीच्या पावलानं चढत होत्या. ऊन वर आलं होतं. बॉनेटखालून धग येत होती आणि मी पाय दाबत होतो तसा नुसता तो खोल आवाज वाढत होता. गाडी पहिल्या वर्षी थांबली होती त्याच्याही अलीकडे थांबली. मामा दाराची कडी उघडून उतरले. पुन्हा धोतराचा सोगा, पुन्हा जीप.

साडू खाली उतरले, त्यांनी माझं बॉनेट उघडलं आणि लोकांसमोर विचारलं, "पाव्हणं, ह्याच्यात एक पत्रा असतो. इंजिनची धग फिल्टरवर येऊ नये म्हणून. तो कुठं हाय?"

मी तीन दिवस त्यांच्या नावानं खडे फोडले. चौथ्या दिवशी ते थांबवलं आणि पत्रा शोधायला निघालो. पुण्याच्या त्या दुकानात जाऊन तोच पत्रा मागणं मला या जन्मात जमलं नसतं.

दौंडला स्टेशनजवळ पत्र्याच्या धान्यकोठ्या आणि चाळण्या करणारा एक म्हातारा कारागीर होता. मी पुठ्ठा कापून फिल्टरभोवती आकार बेतला आणि त्याच्यापुढं ठेवला. पहिला पत्रा तेलाच्या डब्याचा केला. तो पातळ पडला, बॉनेटला लागून टिनपाटासारखा वाजायला लागला. दुसरा जाड जस्ती पत्र्याचा केला; त्याला कोपरे ठोकून दिले, कडेला सायकलची ट्यूब चिरून तारेनं शिवली, म्हणजे बॉनेट लावलं की वरून फट राहू नये. पुढच्या जाळीपासून फिल्टरपर्यंत एक लवचीक नळी आणली, गार हवा थेट यावी म्हणून. म्हाताऱ्यानं विचारलं, कशाची कोठी आहे ही? मी म्हणालो, वाऱ्याची.

पुन्हा माणसं बसवून फजिती करून घ्यायची नव्हती. गाळ्यातली कांद्याची चार पोती गाडीत घातली. एक पुढच्या सीटवर, मामांच्या जागी, पट्टा लावून. तीन मागे. एसी चालू. ऐन दुपारी भुलेश्वरचा चढ. पहिल्या खेपेला वळणावर गाडी अडली. उतरून बघितलं तर नळी जाळीपासून सुटली होती. ती तारेनं बांधली, गाडी अर्धा तास निवू दिली, मग खाली जाऊन पुन्हा निघालो. या वेळी वळण गेलं. वर देवळापाशी फुलं विकणाऱ्या बाईनं गाडीत डोकावून बघितलं.

"श्रावणात कांदं घिऊन देवाला आलाय व्हय?" ती म्हणाली.

मी तिच्याकडून दुप्पट फुलं घेतली, भाव न करता. असं आयुष्यात एकदाच झालं.

शेवटच्या सोमवारी मामांना गाडीत बसवणं चढापेक्षा अवघड गेलं. ते अंगणात उभे राहून म्हणाले, "मी चालायला भीत न्हाई. उतरायचा कटाळा आलाय." मी दार धरून उभा राहिलो. शेवटी बसले. मागे त्याच तिघी. मामांनी वरचं हँडल मुठीत धरलं होतं आणि मोठं वळण आलं तशी मूठ आवळत गेली. गाडी गुरगुरली. मी गिअर उतरवला, पाय काढला नाही. वळण मागे पडलं. मामांनी हँडल सोडलं, हात मांडीवर ठेवला.

"गार लागतंय," ते म्हणाले. "जरा कमी करा."

वर पोचल्यावर, दर्शन झाल्यावर, सगळे बसलेले असताना मी साडूंना विचारलं, की दुकानात तुम्ही पत्रा हातात घेऊन बघितला होता, तो कशासाठी असतो ते तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाही?

"तुम्हीच म्हणला व्हता, आत तोंड उघडायचं न्हाई," साडू म्हणाले.

सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसले आणि बाकीच्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. बायको अजूनही म्हणते, बरोबर बोलले ते, सौद्यात कुणी मधे बोललेलं तुम्हाला चालतं का? नाही चालत. दुकानात ते गप्प बसले ते माझ्या सांगण्यावरून, हे मी लिहून देतो. पण साडूभाऊ, दुकानाच्या दारापाशी माझा नेम संपला होता. दुकान सोडल्यावर आपण वाघोलीला चहा घेतला. सणसवाडीपर्यंत तासभर गाडीत शेजारी बसलो. खोका तुमच्या मांडीवर होता. मी माझ्या सौद्याची बढाई मारत होतो आणि तुम्ही मान डोलावत होता. तुमच्या एका वाक्यानं मी गाडी वळवली असती आणि मामांना दुसऱ्यांदा उतरावं लागलं नसतं.

दुकानातलं उत्तर तुम्ही दिलंत. साडूभाऊ, त्या तासाभराच्या रस्त्याचं उत्तर अजून यायचं आहे. ते द्या.