धक्क्यावरचा पहिला नारळ

हौसा आमच्या धक्क्यावर मासे विकायची. भाव करायच्या आधी गिऱ्हाईकच हात जोडायचं, अशी तिची जीभ. नवरा दर्यात गेला तेव्हापासून तिनं दोनच गोष्टी जपल्या. एक मुलगा सर्वेश, दुसरा नारळी पुनवेचा मान.

रीत अशी, की धक्क्यावरच्या दगडी खांबाला ज्या घराची होडी बांधायची, त्याच घरच्या पुरुषानं दर्याला पहिला नारळ द्यायचा. खांब तर काँक्रीटखाली कधीच गेला. हौसा म्हणे, पायऱ्यांच्या उजवीकडे होता, आमच्या घराच्या अंगाला. चुलत दीर रावजी म्हणे, डावीकडे, आमच्या.

यंदा रावजीनं मुंबईहून साहेबाच्या काळचं पोस्टकार्ड पैदा केलं. हाच धक्का, ह्याच पायऱ्या, नि खांब डावीकडे! पुनवेच्या आदल्या दिवशी माणसं जमवून त्यानं कार्ड धक्क्यासमोर धरलं.

"बघ वहिनी, डोळे फाडून बघ! इतकी वर्षं आमचा मान चोरलास!"

"चोर तुझा बापूस!" सर्वेश उसळला.

बापूस निघाल्यावर राहिलं काय? रावजीनं वल्हं उचललं नि सर्वेशच्या डोक्यात घातलं. पोर पायऱ्यांवर कोसळला, रक्त खाली पाण्यापर्यंत गेलं. हौसेनं मासे कापायचा ठोकळा उचलून रावजीच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रावजीच्या भावानं तिचे केस धरले, तर तिनं त्याचा कानच चावला. बांगड्यांची पाटी उलटली नि माणसं माशांवर घसरत एकमेकांना बडवू लागली.

कार्ड तिच्या पायाशी पडलं होतं. फाडायला उचललं नि तिचा हात थांबला. दीपगृहाच्या बत्तीचा डोंगर, धक्क्याच्या डावीकडचा, कार्डात उजवीकडे?

"थांबा, मेल्यांनो!" ती किंचाळली. "डोंगर काय उठून पलीकडे गेला? चित्र डावं-उजवं उलटं छापलंय!"

रावजीनं डोंगराकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. मोडका हात पोटाशी धरून तो मटकन खाली बसला.

मान हौसेचाच ठरला. पण दुसऱ्या दिवशी सर्वेश टाके घालून इस्पितळात, नि घरात दुसरा पुरुष नाही. हौसा स्वतःच नारळ घेऊन पायऱ्या उतरली.

म्हातारा धोंडू आडवा आला. "हौसे, बायकांनी नाय गो द्यायचा."

"मग उभा कर एखादा धड पुरुष."

धोंडूनं मागं बघितलं. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाच्या कानाला, रावजीचा हात प्लास्टरात. धोंडू गुपचूप बाजूला झाला.