काशी मेस्त्रीने परत केलेले ब्रेकशू

काशिनाथ पाष्टे हे नाव फक्त रेशनकार्डावर. हेदवीपासून तवसाळच्या धक्क्यापर्यंत सगळे त्याला काशी मेस्त्री म्हणतात. बुटका, पोटाने पुढे, हाताने कोपरापर्यंत काळा. बारा वर्षं भांडुपला गॅरेजमध्ये काढलीन आणि एका गणपतीला आला तो परत गेलाच नाही. का, म्हणून विचारलं तर सांगायचा, "थयं गिऱ्हाईकाचा तोंड दिसत नाय रे. नुसती गाडी येते न् गाडी जाते."

इथे आल्यावर फणसाखाली चिऱ्याच्या तीन भिंती उभ्या केल्यान, वर पत्रा टाकलान आणि चौथी बाजू तशीच उघडी ठेवलीन. गिऱ्हाईकाला आपली गाडी दिसली पाहिजे म्हणे. गिऱ्हाईक बिचारं गाडी कसली बघतंय, ते फणस मोजत बसायचं.

मेस्त्रीचा एक नेम होता. गाडीला नवा पार्ट टाकला की जुना पार्ट आणि नव्याचा रिकामा खोका, दोन्ही गिऱ्हाईकाच्या हातात. "खोक्यावर काय छापलाय ता वाच, न् तेवडंच दे. माजी मजुरी येगळी." हे तो अशा थाटात सांगायचा की जणू देवळातला अंगारा वाटतोय. आणि गंमत अशी, की स्वतः त्याने एक खोका कधी वाचलान नाही. पन्नाशीनंतर नजर गेलेली. पण चष्मा लावला तर लोक म्हातारा म्हणतील, म्हणून खोका हातभर लांब धरायचा, मान हलवायचा आणि पुढे करायचा. गिऱ्हाईक वाचतंय, मग आपण कशाला?

ह्याच नेमाने त्याला खड्ड्यात घातलान.

आमच्या वाडीत विनोद म्हणून एक आहे. सहा आसनी रिक्षा चालवतो. सहा आसनी ती कागदावर. विनोद तिच्यात अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि एखादी तांदळाची गोण घालून गुहागरचा घाट उतरतो आणि मग 'ब्रेक लागत नाय' म्हणून मेस्त्रीच्या नावाने शंख करतो. शिमग्याच्या आधी त्याचे ब्रेकशू संपले. मेस्त्रीने रत्नागिरीहून पाच सेट मागवलेन. एक विनोदच्या गाडीला बसवलान, चार फळीवर ठेवलेन. रिकामा खोका नेमाप्रमाणे विनोदच्या हातात.

माल येतो कसा, तेही सांगायला हवं. आमच्याकडे पार्सल पोचवायला कुणी साहेब येत नाही. तवसाळच्या अयूबचा मच्छीचा टेम्पो पहाटे बर्फातली मच्छी घेऊन फेरीबोटीतून जयगडला उतरतो आणि रत्नागिरी गाठतो. दुपारी रिकाम्या क्रेटी घेऊन तो परततो. त्या क्रेटींत गावाचा सगळा माल असतो. नवरीची साडी असो की मोटरचं वायसर, बांगड्याचा वास लागल्याशिवाय आमच्या गावात काही येत नाही.

तर विनोदने तो खोका सीटखाली टाकलान. मच्छीच्या क्रेटीत ओला झालेला खोका दोन दिवसांत वाळला, आणि वाळताना त्याच्यावरचं भावाचं लेबल एका कडेने उचललं. विनोदने ओढलान. खाली दुसरा भाव, कंपनीनेच छापलेला, वरच्यापेक्षा दीडशेने कमी.

दुसरा कुणी असता तर गॅरेजवर जाऊन विचारलान असता. विनोद थेट सहाणेवर गेला. सहाण म्हणजे शिमग्याला पालखी बसते तो चौथरा. गावाची बैठकही तिथेच होते. पालखीच्या तयारीला संध्याकाळी सगळे जमलेले, आणि ह्याला एवढे ऐकणारे कान एका जागी कधी मिळणार?

"मेस्त्रीनं मना लुटलान!" विनोद ओरडला. "ह्यो बगा खोका. वरचा भाव खोटा, खालचा खरा. खोका माज्या हातात दिलान कोणी?"

गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, रामातात्यांनी खोका उलटापालटा केलेन. चष्मा त्यांच्याकडेही नव्हता. "काशी, बोल काय ता."

"मी चिकटवलंय नाय," मेस्त्री म्हणाला.

"मग कोणी?"

"मना ठाव नाय."

"ठाव नाय!" विनोद हसला. "सगळ्या गावाला खोका वाचाया लावतंस, न् तुला ठाव नाय?"

ज्यांच्या गाड्या मेस्त्रीने भर पावसात चिखलात झोपून चालू करून दिल्यान, ते सगळे तिथे होते. एकालाही वाटलं नाही की तोंड उघडावं. उलट दोघांना आपापले जुने खोके आठवले. मीही होतो. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो. माझ्या मोटरसायकलची चेन त्यानेच उधारीवर टाकलेली, पण त्या वेळी मला जमीन उकरण्याचं फार महत्त्वाचं काम होतं.

गावकीने ठरवलं. रविवारच्या बैठकीपर्यंत मेस्त्रीने दाखवून द्यावं की लेबल कुणी लावलं. नाहीतर सहाणेवर नारळ ठेवून, सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणावं, तरच पालखी त्याच्या अंगणात जाईल. आमच्यात एकदा नारळ ठेवून 'चुकलो' म्हटलेला माणूस मरेपर्यंत चुकलेलाच राहतो. नातवाची सोयरीक बघायला गेले तरी पलीकडचा विचारतो, नारळ ठेवलेल्यांच्यातले काय तुम्ही?

घरी आल्यावर मेस्त्रीच्या बायकोने, मालनने, त्याची पूजा बांधलीन.

"अवो, जल्मभर लोकांना खोका वाच, खोका वाच. सोता कदी वाचलात? डोळं काय देवाला व्हायलेत?"

"गप गो."

"गप कशाला? आना ते चार खोके."

मालन सातवी शिकलेली. तिने एक खोका भाताच्या तपेल्यावर वाफेला धरलान. पाच मिनिटांत लेबल मऊ होऊन तिच्या बोटावर आलं. खाली तोच कमी भाव. मेस्त्री बघत बसला. वीस वर्षं रत्नागिरीच्या ज्या दुकानावर डोळे मिटून विश्वास ठेवलान, ते दुकान त्याला आत्ता कुठे दिसायला लागलं.

"ह्योच न्या सहाणेवर," मालन म्हणाली.

"न्हेऊन काय? मीच चिकटवलंय नि मीच सोडवलंय म्हणतील. हयं सोडवून उपेग नाय. त्याच्या दुकानात सुटाया पायजे, त्याच्याच मालावरचा."

सकाळी तो अयूबकडे गेला. अयूब डोकं खाजवत म्हणाला, "अरे काशी, खोके मीच आणलंय ना. खाली बर्फ व्हता वाईच. पाण्यानं सुटला आसल ता." आणि एकदम थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलेन. मग अयूब म्हणाला, "शनवारी चल. शनवारी मजा येल."

शनिवार का, ते संदेशशेठला ओळखल्याशिवाय कळायचं नाही. मांडवीच्या रस्त्याला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. दारावर मोठ्या अक्षरात 'एकच भाव'. आत मारुतीचा फोटो, त्याला रुईची माळ. शेठ कपाळाला शेंदूर लावून गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाईकाला 'देवा' म्हणतो, आणि शनिवारी मच्छी खाणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. एवढा धर्म पाळणारा माणूस जुन्या मालावर नव्या भावाची लेबलं लावत बसतो. तीही गल्लीतल्या प्रेसमधून छापलेली, स्वस्तातल्या गोंदाची. समुद्राला चिकटून राहणाऱ्या माणसाला एवढं कळू नये की इथे भिंतीचा रंग टिकत नाही, तिथे ह्याचा गोंद काय टिकणार! पण शेठचा माल मच्छीच्या क्रेटींतून गावोगाव जातो, हे शेठला ठाऊकच नव्हतं. मालाने दुकान सोडलं की पुढे त्याचं काय होतं, हे ठाऊक करून घ्यायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

शनिवारी मेस्त्री अयूबच्या टेम्पोतून एसटी स्टँडवर उतरला आणि पहिल्यांदा फुटपाथवरचा एक तयार चष्मा घेतलान. तो नाकावर ठेवूनच दुकानात शिरला.

"या देवा, या!" शेठ म्हणाला. "चष्मा लागला वाटतं?"

"व्हय. उशिरा लागला." मेस्त्रीने चार खोके काउंटरवर मांडलेन, तीन लेबलासकट, एक मालनने सोडवलेला. "ह्ये परत घ्या. पाचवा गाडीला बसवलाय, त्याचा जादा घेतलेला परत करा. भाव खोटा हाय."

शेठने एक खोका उचललान, लेबलावरून अंगठा फिरवलान. "हे लेबल आमच्याकडचं नाहीच. मधे कुणी लावलं असेल. तुम्ही लोक गॅरेजवाले..." आणि हसला. दुकानात आणखी पाचसहा ड्रायव्हर उभे होते. तेही हसले. गॅरेजवाल्याला चोर म्हटलं की ड्रायव्हरला बरं वाटतं.

 मागून अयूब आला. अनोळखी गिऱ्हाईकासारखा पुढे झाला आणि त्याच ब्रेकशूचा एक सेट मागितलान. शेठने फळीवरून काढून दिलान, बिल केलान. अयूबने बिल खिशात घातलान, बाहेर गेला आणि टेम्पोतून एक क्रेट उचलून आणलान. अर्धी बर्फाने भरलेली, अर्धी बांगड्यांनी. धाडकन काउंटरवर ठेवलान आणि नवा कोरा खोका बर्फावर उपडा केलान.

"हे काय चाललंय?" शेठ उभा राहिला. "अहो, मच्छी! शनिवार आहे आज!"

"धा मिंटं," मेस्त्री म्हणाला. "आमच्या गावात माल असाच जातो. कसा जातो ता बगा."

"वर मारुतीचा फोटो आहे हो!"

"आसूदे. तो बगतोय ता बराच झाला. त्याला चष्मा लागत नाय."

बांगड्याचं पाणी काउंटरवरून ओघळून शेठच्या बिलबुकाकडे चाललं. शेठ बिलबुक उचलतोय, उदबत्ती पेटवतोय, नोकराला क्रेट उचल म्हणतोय, आणि नोकर अयूबच्या दंडाकडे बघून जागचा हलत नाही. दहा मिनिटं लागलीच नाहीत. अयूबने खोका उलटा केलान, लेबलाची कड नखाने धरलीन आणि मुशी माशाची कातडी सोलावी तसं सगळं सोलून काढलान. मेस्त्रीने चष्मा सारखा करून खालचा भाव मोठ्याने वाचलान. मग वरचा वाचलान. मग दारावरची पाटी वाचलीन, "एकच भाव."

आता हसणारे ड्रायव्हर हसेनात. एकाने आपला क्लच प्लेटचा खोका पुढे केलान. "भाऊ, वाईच ह्यो पन ठेव बर्फावर." त्याच्या मागून दुसऱ्याने फिल्टर काढलान. बर्फावर जागेसाठी रांग लागली.

शेठच्या कपाळावरचा शेंदूर घामाने नाकावर आला. "मेस्त्री, किती वर्षांचे संबंध आपले! कंपनीकडूनच असं येतं हो. हे बघा, पुढच्या मालात वळते करून घेऊ. वर एक इंजिन ऑईलचा डबा फुकट."

"डबा नको. परतीचा बिल पायजे. ल्हिवा, किमतीचं लेबल दुकानात लावलेलं, म्हणून माल परत घेतला. खाली सही, शिक्का."

"असं लेखी कोण देतं का?"

"मग र्‍हाऊदे. अयूब, टेम्पोत अजून किती क्रेटी हायत?"

"चार," अयूब म्हणाला. "येका क्रेटीत मुशी हाय. कालची, वास मारणारी."

शेठने लिहिलान. शिक्काही व्यवस्थित मारलान. पैसे पुढे सरकवलेन. मेस्त्रीने पैसे तसेच खिशात घातलेन, बिल मात्र तीन वेळा वाचलान. एक वेलांटी चुकली होती, तीही सुधारून घेतलीन. माणसाला नवा चष्मा लागला की असं होतं.

रविवारी सकाळी बैठक. मेस्त्री आला, मागून मालन. बायका सहाणेकडे बैठकीला येत नाहीत आमच्यात. ती आली. मेस्त्रीने बिल वाचून दाखवलान, सहीसकट, शिक्क्यासकट. विनोदचे जादा घेतलेले पैसे त्याच्या हातात ठेवलेन. विनोदने ते मोजून घेतलेन आणि म्हणाला, "मी काय नाव घेतलंय काय कोनाचा? मी नुसता इचारला."

रामातात्या म्हणाले, "चला, मिटला. आता पालखीचा बगूया."

मिटला! चार दिवस ज्या माणसाच्या घरात कुणी आगपेटी मागायला गेलं नाही, त्याचं एका शब्दात मिटलं. दोघे जुने खोकेवाले पालखीच्या भोयांची नावं मोजायला लागले. मी पुन्हा जमीन उकरायला घेतली.

मेस्त्रीने मालनच्या पिशवीतून नारळ काढलान आणि सहाणेवर मधोमध ठेवलान. "ह्यो मी आनलंय. माज्यासाटी सांगितलेलात, म्हनून आनलंय. आता ज्याला 'चुकलो' म्हनायचा आसल, त्यानं म्हना. फुकट हाय."

कुणी हललं नाही. विनोद रिक्षाच्या चावीशी खेळत होता. रामातात्या नारळाकडे असे बघत होते, की आयुष्यात नारळ पहिल्यांदाच बघतायत. 

 मग मालन पुढे झाली, नारळ उचललान, शेंडीकडून हलवून बघितलान.

"पानी हाय बरा," ती म्हणाली. "चला वो. अयूबनं बांगडं दिल्यान, त्येच्या सांबाऱ्याला खोबरा व्हईल."

दोघं गेली. पालखी वेळेवर त्यांच्या अंगणात आली, आम्ही सगळे खांदे द्यायला पुढे होतो. मेस्त्रीने नमस्कार केलान पालखीला. आमच्याकडे बघितलानसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी विनोद क्लचची तुटलेली तार घेऊन फणसाखाली उभा होता. मेस्त्रीने नाकावर चष्मा ठेवलान, नव्या तारेचा खोका आधी स्वतः वाचलान, कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवून वर काढलान, परत वाचलान आणि ओलाचिंब विनोदच्या अंगावर टाकलान.

"धर. वाच."