टॉवेलाखालचा हात

ज्याच्या गोठ्यात कधी शेपूट हललं नाही, खरं तर ज्याला गोठाच नव्हता, आणि तरीही दोन तालुक्यांतल्या बैलांचे दात ज्याला पाठ होते, असा माणूस पृथ्वीवर एकच झाला असेल. आणि तो नेमका माझ्या शेजारी उभा राहून खोकी बांधत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सापगाव ओलांडून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं पॅकिंगला होतो. ते आमच्याच बुद्धवाडीतले, माझ्या आईचे मानलेले भाऊ. मी मामा म्हणायचो म्हणून सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायला लागला. मी तेव्हा विशी ओलांडलेला, पत्रकं वाचत वाढलेला आणि पत्रकं लिहीत सुटलेला. माझ्या मते जगात बोलण्यासारखा विषय एकच होता, अन्याय. मामांच्या मतेही एकच होता, बैल.

माणसंही ते बैलाच्याच मापाने मोजत. नवा मॅनेजर आला, त्याला हार घातला, भाषणं झाली. मामा माझ्या कानात म्हणाले, "खांदा बरा हाय. पन चढ आला का बसेल." पहिल्याच ओव्हरटाइमच्या भांडणात तो मॅनेजर बसला, तो उठलाच नाही. भाचीसाठी मुलगा बघायला गेले, तर चहा झाल्यावर त्याला म्हणाले, "जरा अंगणात दोनदा चालून दाखव." लग्न मोडता मोडता राहिलं. आणि थंडीत म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा आली की हा माणूस हाती लागायचा नाही. वर्षभर तापातसुद्धा कामावर येऊन साठवलेल्या रजा ते तिथे उधळत. सकाळपासून या बैलाकडून त्या बैलाकडे जायचं, दात बघायचे, वशिंडावर हात फिरवायचा आणि सौदा करायचा. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मामा असे दिवसभरात पंधरा-वीस सौदे करत आणि एकही बैल न घेता घरी येत.

याचा मला भयंकर राग यायचा. एका वर्षी नेमक्या मोर्चाच्या दिवशी जत्रा आली आणि मामा जत्रेला गेले. मी त्यांना गाठून म्हणालो, "मामा, इथे माणसांना सात-सात वर्षं कायम करत नाहीत, आणि तुमी बैलांचे दात मोजताय? लाज वाटत नाय?"

"वाटते ना," मामा म्हणाले. "म्हणून तर वर टॉवेल टाकतात."

पुढच्या हिवाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, कोणाला कसलं वेड आहे असा विषय निघाला. कटिंग खात्यातल्या एकाची कबुतरं निघाली. स्टोअरकीपरने कसाऱ्यापासून सगळी स्टेशनं उलटी म्हणून दाखवली. मामा म्हशाच्या सौद्यांचं सांगायला लागले. आमचा सुपरवायझर जुन्या शेतकरी घरातला, दारात बैलजोडी. तो डब्यातून मान वर न काढता म्हणाला, "मामा, तुमच्या आज्याला बैल मेल्यावर हाक मारायचे. तुमी जिवंत बैलाचा भाव कसला करता?"

दोघं हसले. बाकीचे आपापल्या डब्यात बघत राहिले. मी उठलो तो माझा डबा उपडा झाला. मामांनी माझा शर्ट धरून मला खाली ओढलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचा तांबडा यंदा म्हशाला नेताय ना? येतो बघायला."

घरी जाताना मी रस्ताभर ओरडत होतो. "थोबाडीत का नाय मारलीत त्याच्या?"

"माझ्या आज्यानं त्याच्याच घरचे मेलेले बैल ओढले," मामा म्हणाले. "जिवंत बैलाला हात लावला तर मार खायचा. धम्म घेतला आनि ते काम सोडलं. आता बाजारात बैल उभा केला आनि गिऱ्हाइकानं टॉवेल टाकला, का मालकाला हात द्यावाच लागतो. गिऱ्हाईक कोन पन असो."

"म्हणून जाता होय तुमी? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच नाय. मला बैल पन आवडतात रे."

त्या वर्षी मी पहिल्यांदा म्हशाला गेलो. सुपरवायझर तांबड्याचा कासरा धरून उभा होता. मामांनी दात बघितले, खूर बघितले, आणि खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून हात पुढे केला. सुपरवायझर त्या टॉवेलाकडे बघत राहिला. मग त्याने भोवतालच्या माणसांकडे बघितलं. माझ्या मुठी वळल्या होत्या. शेवटी एक दलाल खेकसला, "अरे हात दे की गिऱ्हाइकाला! बैल विकायला आणलास का मिरवायला?"

त्याने हात आत घातला.

मामांनी तो हात अर्धा तास सोडला नाही. भोवती माणसं जमली. मग "नाय जमत" म्हणून त्यांनी टॉवेल झटकला आणि तांबड्याची पाठ थोपटली.

"माफी नाय मागितली त्यानं," मी म्हणालो.

"नाय मागितली. पन हात गार पडला होता त्याचा." मग दोनदा मागे वळून म्हणाले, "बैल खरंच चांगला होता रे."

सोमवारी मामांना पॅकिंगवरून काढून लोडिंगला टाकलं. त्या वयात ट्रकवर खोकी चढवायला. मी पत्रक लिहून गेटवर लावलं, ते दुपारपर्यंत कोणीतरी फाडलं. तो राग माझ्याकडे अजून आहे, आणि तो मी कमी होऊ देणार नाही.

कारखाना आता बंद पडला. मामांची कंबर गेली, म्हशाला जाणं सुटलं. मी भेटायला गेलो की ते ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या हातावर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबतात.

"बोल, किती?"

मला आजवर एकदाही ओळखता आलेलं नाही.

"येणार कसं? नुसती मूठ वळून ठेवतोस. बोटं सैल सोड."

मी सोडतो. ते पुन्हा दाबतात, सावकाश, एकेक बोट.